परीक्षा माशाची होते, मिथेनजनकांची होत नाही

(पोस्ट दीर्घ आहे, सवडीने वाचावी. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत, पण मुद्द्याला धरून.)

औद्योगिक सांडपाण्यावरील एखादे जैविक प्रक्रिया केंद्र कोलमडले, की एक ठरावीक वाक्य कानी येते : ‘बॅक्टेरिया मेले.’ साथीच्या रोगात गावातली गुरे दगावावीत, अशा स्वरात हे वाक्य उच्चारले जाते; कोणाचा दोष नाही आणि कोणाची जबाबदारीही नाही. मग शेणाचे टँकर येतात, ‘कल्चर’ची पिंपे विकत घेतली जातात, टाकीत नवा गाळ भरला जातो आणि काही महिन्यांनी तेच वाक्य पुन्हा ऐकू येते. माझे प्रतिपादन असे, की हे जीव आपसूक मरत नाहीत, त्यांना मारले जाते. मारणारे द्रव्य कोणते, ते कोणत्या नळातून येते आणि किती येते, हे शोधून काढणे विज्ञानाला अवघड नाही. आपली सांडपाणी-व्यवस्था मात्र ते न शोधण्याच्या पायावर उभी आहे.

हा विषय आज मांडण्याला कारण आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘सतत’ योजना जाहीर करून ५,००० कॉम्प्रेस्ड बायोगॅस प्रकल्पांचे लक्ष्य समोर ठेवले. पुढे नैसर्गिक वायूत बायोगॅस मिसळण्याचे बंधन घालण्याचे धोरण आले. २०२५-२६ मध्ये १ टक्क्याने आरंभ करून २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर जाण्याची त्यात योजना आहे. ‘कचऱ्यातून संपत्ती’ ही घोषणा आता सर्वमुखी झाली आहे. परंतु ही संपत्ती ज्याच्या श्रमातून निर्माण व्हायची, तो कामगार केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो आणि त्याच्या प्रकृतीची चौकशी करायला कोणालाही सवड नाही.

प्रथम त्या कामगाराची ओळख करून घेऊ.

ऑक्सिजनविरहित बंद टाकीत सेंद्रिय द्रव्याचे मिथेनमध्ये रूपांतर होते, ते एकट्यादुकट्या जीवाचे काम नव्हे. पहिला गट प्रथिने, पिष्ट, स्निग्ध पदार्थ यांचे तुकडे करतो. दुसरा त्या तुकड्यांपासून सेंद्रिय आम्ले बनवतो. तिसरा त्या आम्लांपासून अॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन तयार करतो. सर्वांत शेवटी मिथेनजनक येतात. ते अॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन खाऊन मिथेन सोडतात. सामान्यतः सुमारे ७० टक्के मिथेन अॅसिटिक आम्लापासूनच निर्माण होतो. आपण या मिथेनजनकांना सवयीने बॅक्टेरिया म्हणतो, पण ते बॅक्टेरिया नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले, की ही जीवसृष्टीची एक स्वतंत्र शाखा आहे; तिला आज आपण आर्किया म्हणतो. हा नामकरणाचा किरकोळ वाद समजू नये. शरीररचना वेगळी, म्हणून विषाला दिलेला प्रतिसादही वेगळा. जे द्रव्य सामान्य जीवाणूंना सोसते ते मिथेनजनकांना सोसेलच, असे नाही.

दुसरे वैशिष्ट्य त्यांच्या वाढीच्या गतीचे. प्रयोगशाळेत लाडाने वाढवलेला ई. कोलाय सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. अॅसिटिक आम्लावर जगणाऱ्या मिथेनजनकांना दुप्पट होण्यास एक-दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत अवधी लागतो. म्हणजे एका रात्री आलेल्या विषाच्या लोंढ्याने त्यांतील नव्वद टक्के नष्ट केले, तर उरलेल्या दहा टक्क्यांना मूळ संख्येवर यायला काही दिवसांपासून तीन आठवड्यांहून अधिक काळ लागू शकतो. दरम्यान आधीचे गट आम्ले बनवतच राहतात, ती आम्ले साठतात, टाकीचा पीएच खाली येतो, आणि जगलेवाचलेले मिथेनजनकही त्या आंबलेल्या पाण्यात निष्प्रभ होतात. दूध नासले तर आपण विरजणाला दोष देत नाही. भांड्याला काय लागले होते ते पाहतो. इथे मात्र विरजण बदलण्यातच वर्षे गेली.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे येऊ. गंगेकाठी, कानपूरच्या जाजमऊ भागात.

येथील चर्मोद्योगाच्या सांडपाण्याचा प्रश्न जुना आहे. १९८७ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जो कारखाना निदान प्राथमिक प्रक्रियाही करू शकत नाही त्याला चालण्याचा अधिकार नाही. त्याच सुमारास गंगा कृती योजनेतून, नेदरलँड्सच्या साह्याने, जाजमऊला यूएएसबी पद्धतीची संयंत्रे उभी राहिली. या पद्धतीत सांडपाणी टाकीच्या तळातून वर चढते आणि मिथेनजनकांनी भरलेल्या गाळाच्या थरातून जाते. वर वायू वेगळा होतो, पाणी वेगळे. नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन येथे खात्झे लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ती विकसित केली. हवा फुंकायला वीज नको, गाळ कमी, शिवाय वायू हाती लागतो. भारतासारख्या उष्ण देशाला ती सोयीची होती यात शंका नाही.

१९९४ मध्ये तेथे प्रतिदिन ३.६ कोटी लिटर क्षमतेचे संयंत्र सुरू झाले. त्याचा हिशेब असा होता : टॅनऱ्यांचे ९० लाख लिटर आणि शहराचे मैलापाणी २.७ कोटी लिटर. एकास तीन. म्हणजे विष एक भाग आणि त्याला पातळ करणारे पाणी तीन भाग. आराखड्यात १७५ टॅनऱ्या गृहीत होत्या. पुढे त्यांची संख्या चारशेच्या घरात गेली. गृहीतक मोडले, पण पाइप तोच राहिला. हे नुसते क्षमतेचे गणित चुकले असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या पाइपमधून काय येत होते, हा खरा प्रश्न आहे.

कातड्यावरचे केस काढण्यासाठी चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात. पुढे कमावणीसाठी बेसिक क्रोमियम सल्फेट वापरतात. म्हणजे एकाच कारखान्यातून सल्फाइड आणि सल्फेट दोन्ही बाहेर पडतात. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत सल्फेट आले, की सल्फेटवर श्वसन करणारे जीवाणू बळावतात. मिथेनजनकांचे जे अन्न तेच यांचेही. हायड्रोजनच्या पंगतीत तर हे बहुधा आधी जेवून उठतात. आणि उठताना मागे ठेवतात हायड्रोजन सल्फाइड. तो मिथेनजनकांना विषारी, यंत्रांना गंजवणारा आणि टाकीत उतरणाऱ्या माणसासाठी प्राणघातक आहे.

थोडे गणित करू. शालेय रसायनशास्त्र त्याला पुरेसे आहे. सेंद्रिय भार मोजण्याचे माप म्हणजे सीओडी, रासायनिक ऑक्सिजन मागणी. १ किलो सीओडीपासून प्रमाण तापमान-दाबाला जास्तीत जास्त ०.३५ घनमीटर मिथेन मिळू शकतो. १ किलो सल्फेट पूर्णपणे सल्फाइडमध्ये जाताना ०.६७ किलो सीओडी खातो. म्हणजे सुमारे ०.२३ घनमीटर मिथेन गेला. समजा, एखाद्या सांडपाण्यात लिटरमागे ३,००० मिलिग्रॅम सीओडी आणि १,५०० मिलिग्रॅम सल्फेट आहे. सगळे सल्फेट क्षपित झाले तर एक तृतीयांश मिथेन परस्पर नाहीसा होतो, आणि लिटरमागे ५०० मिलिग्रॅम सल्फाइड-गंधक तयार होते. पीएच ७ च्या आसपास त्यातला निम्मा भाग अविघटित हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात असतो. हेच रूप पेशीच्या पटलातून आत शिरते. लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅमची ही पातळी दाणेदार, निरोगी गाळातील मिथेनजनकांचे काम अर्ध्यावर आणू शकते. विस्कळीत गाळाचे हाल त्याआधीच होतात. काही वायू बुडबुड्यांबरोबर निसटतो, हे खरे. पण हिशेबाची दिशा त्याने बदलत नाही.

संयंत्र चालवणारा अभियंता काय करील? चुना टाकून पीएच ८ कडे नेला, तर अविघटित हायड्रोजन सल्फाइड दशांशावर येतो. पण कातड्याच्या प्रथिनांतून निघालेला अमोनिया त्याच पाण्यात आहे, आणि पीएच वाढला की त्याचे विषारी, मुक्त रूप वाढते. इकडे आड, तिकडे विहीर. पाण्याची दोन विषे दोन दिशांना ओढत असताना टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला आपण ‘नीट चालवत नाही’ म्हणून नोटीस देतो. चूक त्याच्या टाकीच्या कितीतरी आधी, दोन प्रवाह एका नळात सोडण्याच्या निर्णयात झालेली असते.

क्रोमियमची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. नेहमीच्या पद्धतीत कातडे वापरलेल्या क्रोमियमपैकी सुमारे ६० ते ७० टक्के शोषते. उरलेले पाण्यात जाते. हे क्रोमवाले पाणी वेगळे धरले, तर मॅग्नेशियम ऑक्साइडने क्रोमियम खाली बसवून, आम्लात विरघळवून पुन्हा कमावणीला वापरता येते. तंत्र जुने आहे, सिद्ध आहे. पण तेच पाणी सामूहिक गटारात सोडले, की ते चुन्याच्या पाण्याला आणि मैलापाण्याला भेटून गाळात बसते. बाहेर पडणारे पाणी थोडे स्वच्छ दिसते, आणि जो गाळ एरवी शेताला खत म्हणून गेला असता तो घातक कचरा होऊन बसतो. मैलापाणी मिसळल्याने विषाची तीव्रता घटली, पण विषाचे वजन एक ग्रॅमनेही घटले नाही; उलट जे मैलापाणी निर्धास्तपणे शुद्ध होऊ शकले असते, तेही बाटले. जाजमऊ परिसरातील शेतकऱ्यांच्या वाट्याला सिंचनासाठी हेच मिश्र पाणी आले, आणि पिके, जनावरे, त्वचा यांविषयीच्या त्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे नोंदल्या गेल्या.

शासनाला हे ठाऊक नाही, असे समजू नये. २०१९ च्या कुंभमेळ्यासाठी कानपूरच्या टॅनऱ्या महिनोन्‌महिने बंद ठेवण्याचे आदेश निघाले. याचा अर्थ, दोष कोणत्या नळातून येतो ते पुरते माहीत आहे. फक्त ते ज्ञान पर्वणीपुरते वापरले जाते. या बंदीची झळ ज्यांना बसली, ते बहुतांशी दलित आणि मुस्लिम कामगार. त्यांनी प्रवाह वेगळे न करण्याचा निर्णय कधीही घेतलेला नव्हता. एक गोष्ट लक्षात घ्या : मिथेनजनकांना असा बंद काळ सोसतो. हंगामी उद्योगांच्या संयंत्रांतील गाळ महिनोन्‌महिने उपाशी राहून पुढच्या हंगामात पुन्हा कामाला लागतो. उपासमार त्यांना चालते. विष चालत नाही. कामगारांची स्थिती नेमकी उलटी आहे : बंद कारखान्याची उपासमार त्यांना सोसत नाही, आणि चालू कारखान्याचे विष सोसण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही.

आता मोजमापाच्या प्रश्नाकडे वळू, कारण सगळी मखलाशी तिथे आहे.

२०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी १७ प्रवर्गांतील उद्योगांना आणि सामूहिक केंद्रांना ऑनलाइन मापनयंत्रे बसवण्याचे निर्देश दिले. पाऊल योग्य होते. पण ही यंत्रे प्रामुख्याने काय मोजतात? पीएच, निलंबित घन पदार्थ, बीओडी, सीओडी. सीओडी हा वजनकाटा आहे. ताटात किती अन्न आहे ते तो सांगतो. त्या अन्नात विष कालवले आहे का, हे तो सांगत नाही. त्याहून वाईट असे, की फिनॉल, फॉर्मल्डिहाइड यांसारखी ऑक्सिडीकरणक्षम विषे तो अन्न म्हणूनच मोजतो. क्लोरोफॉर्मचे उदाहरण घ्या. लिटरमागे एखाद्या मिलिग्रॅमच्या आसपासच, सवय नसलेल्या मिथेनजनकांचे काम ठप्प होऊ लागते. हजारोंमध्ये मोजल्या जाणाऱ्या सीओडीच्या आकड्यात एवढ्याने काटा हलणारही नाही. रात्री कोणी वापरलेल्या द्रावकाचे पिंप गटारात ओतले, तर पडद्यावरचा आलेख सरळच राहील. आठ दिवसांनी वायू थांबेल, आणि पुन्हा तेच वाक्य : ‘बॅक्टेरिया मेले.’

हैदराबादजवळच्या पटनचेरूचे उदाहरण सर्व जगाला माहीत झाले. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तेथील सामूहिक केंद्राच्या, प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचे स्वीडनच्या जोआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. ही मात्रा माणसाच्या रक्तात उपचारावेळी असणाऱ्या पातळीहूनही वरची होती. यावर शोधलेला मार्ग कोणता? सुमारे १८ किलोमीटरची वाहिनी टाकून ते पाणी शहराच्या मैलावाहिनीला जोडणे. ती वाहिनी जाते अंबरपेठच्या केंद्राकडे, प्रतिदिन ३३.९ कोटी लिटर क्षमतेचे हे केंद्र यूएएसबी पद्धतीचेच आहे. कानपूरचे सूत्र पुन्हा एकदा : विष पातळ करा आणि मिथेनजनकांच्या दारात नेऊन सोडा.

येथे कोणी म्हणेल, की अनेक प्रतिजैविके आर्कियांना थेट बाधत नाहीत. बरोबर आहे, पेनिसिलिन पेशीभित्तीतील ज्या घटकावर घाव घालते, तो घटक मिथेनजनकांकडे नसतोच. पण साखळीतील आधीचे गट बॅक्टेरियाच आहेत. प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लांचे अॅसिटिक आम्ल करून देणारा गट लुळा पडला, तर मिथेनजनक धडधाकट असूनही त्यांच्यापुढे ताट येत नाही. स्वयंपाकी आजारी पडला तर पंगत उपाशीच उठते. शिवाय कोट्यवधी जीवाणू दाटीवाटीने राहत असलेल्या गाळात प्रतिजैविक सतत सोडणे, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या जनुकांची शेती करणे होय. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशावर मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा गळालेल्या होत्या. त्या का गळाल्या, याचे समाधानकारक उत्तर नागरिकांना मिळायला हवे होते.

शीर्षकातला मासा इथे येतो. औषधनिर्मिती उद्योगाच्या सांडपाणी-मानकांत एक जैविक कसोटी आहे : प्रक्रिया झालेल्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. कसोटी चांगली आहे, कारण तीत पाणी स्वतःच साक्ष देते. कोणत्या रसायनाचे नाव घेऊन शोधायचे, हे आधी माहीत असावे लागत नाही. मग हाच न्याय उलट्या टोकाला का नको? बाहेर पडणाऱ्या पाण्यात मासा जगतो का, हे आपण विचारतो. आत येणाऱ्या पाण्यात मिथेनजनक जगतात का, हे विचारत नाही. वास्तविक दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळवले, तर पहिला प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

ही परीक्षा गुंतागुंतीची नाही. काचेच्या बंद बाटल्या घ्यायच्या, त्याच संयंत्रातला गाळ घालायचा, अन्न म्हणून अॅसिटेट द्यायचे, एका बाटलीत स्वच्छ पाणी आणि इतरांत संशयित सांडपाणी वाढत्या प्रमाणात घालायचे, ३५ अंश सेल्सियसला ठेवायचे आणि मिथेन मोजायचा. काही दिवसांत चित्र स्पष्ट होते. पेरी मॅकार्टी यांनी या प्रक्रियेतील विषद्रव्यांविषयी १९६४ मध्ये लिहिले. बाटल्यांची ही कसोटी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली. आपल्याकडे नागपूरची नीरी आहे, चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, मिथेनजनकांवर दीर्घकाळ काम केलेली पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे. ज्ञान नाही अशी सबब आपल्याला उरत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. त्यात तथ्य आहे, म्हणून ते टाळता येणार नाही.

पहिला आक्षेप : सूक्ष्मजीव सरावतात. होय, सरावतात. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांचेसुद्धा विघटन करणारे समुदाय तयार होतात, हे प्रयोगांनी सिद्ध आहे. आपल्या आसवन्यांचेच पाहा. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंट वॉशचा सीओडी लिटरमागे लाख मिलिग्रॅमच्या आसपास असतो, त्यात सल्फेटही असते. तरी महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशच्या साखरपट्ट्यांतील बायोगॅस संयंत्रे त्यातून वर्षानुवर्षे वायू काढतात. (उरलेल्या तपकिरी, क्षारयुक्त पाण्याचा प्रश्न वेगळा, तो सुटला, असे मी म्हणत नाही.) पण तिथे यश का येते? पाणी एका प्रकारचे, ओळखीचे आणि रोज जवळपास सारखे असते. सराव नेहमी स्थिर गोष्टीचा होतो. शंभर कारखान्यांच्या गटारात आज रंग, उद्या द्रावक, परवा आम्ल येत असेल, तर मिथेनजनकांनी सराव कशाचा करायचा? आसवनीचे उदाहरण माझ्या विरोधात नाही. ते माझा पहिला साक्षीदार आहे.

दुसरा आक्षेप : छोट्या कारखान्यांना स्वतंत्र केंद्र परवडत नाही. मान्य. सामूहिक केंद्रे बंद करा, असे मी म्हणतच नाही. संपूर्ण प्रक्रिया आणि प्रवाह वेगळा ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्रोमचे पाणी एका टाकीत, केस काढलेले सल्फाइडचे पाणी दुसऱ्या टाकीत, वापरलेले द्रावक पिंपात. एवढे करायला नळ आणि टाक्या लागतात. सल्फाइडच्या पाण्यात मॅंगनीजचे क्षार घालून हवा फुंकली, तर त्याचे ऑक्सिडीकरण होते. हे तंत्र चर्मोद्योगाला परिचित आहे. हा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांनी तो सध्या कोण भरतो, ते पाहावे. तो जाजमऊचा शेतकरी भरतो, मुसीकाठचा रहिवासी भरतो आणि महापालिकेचा करदाता भरतो.

तिसरा आक्षेप : मग मिथेनचा नाद सोडा, हवा फुंकणारी केंद्रेच बांधा. हा मार्ग अनेक ठिकाणी पत्करला जात आहे. त्याने वीज जास्त लागते, गाळ जास्त होतो आणि विष तिथल्याही जीवांना सोडत नाही. अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू तर नाजूकपणाबद्दल प्रसिद्धच आहेत. रोगी बदलून रोग बरा होत नाही.

यावरून माझ्या मागण्या चार आहेत.

१. मिथेनजनकांवर चालणाऱ्या कोणत्याही केंद्राला, मैलापाण्याच्या केंद्रालाही, नवी औद्योगिक जोडणी देण्यापूर्वी त्या उद्योगाच्या सांडपाण्याची त्याच केंद्राच्या गाळावर विषाक्तता-चाचणी सक्तीची करावी. जुन्या जोडण्यांची दर सहा महिन्यांनी करावी.

२. २०१६ च्या अधिसूचनेने सामूहिक केंद्रांच्या आवक पाण्याची मानके ठरवण्याचे काम राज्य मंडळांवर सोपवले. ही मानके ठरवताना सीओडी-सल्फेट गुणोत्तर आणि या चाचणीचा निकाल यांचा समावेश व्हावा. गुणोत्तर साधारण दहाच्या वर असेल तर मिथेननिर्मितीला सहसा अडचण येत नाही, हे संशोधनाने दाखवले आहे. ते त्याखाली घसरत गेले, तर कारण विचारले जावे.

३. क्रोम, सल्फाइड, द्रावक आणि प्रतिजैविके यांचे प्रवाह कारखान्याच्या कुंपणाआत वेगळे झालेच पाहिजेत. मैलापाण्याने पातळ करणे ही प्रक्रिया मानली जाऊ नये.

४. प्रत्येक केंद्राने रोज किती मिथेन निघाला, हा आकडा प्रसिद्ध करावा. आत गेलेला सीओडी आणि बाहेर आलेला मिथेन यांचा ताळा जुळत नसेल, तर कुठेतरी विष आहे किंवा कुठेतरी खोटे आहे. टाकीतून मिथेनची आवक घटणे ही सर्वांत स्वस्त धोक्याची घंटा आहे, आणि आपण ती ऐकण्याची व्यवस्थाच केलेली नाही.

शेवटचा मुद्दा माणसांचा. सल्फेटमुळे टाकीत बनणारा हायड्रोजन सल्फाइड आणि गटारात उतरलेल्या सफाई कामगारांचा जीव घेणारा वायू एकच आहे. कुजक्या अंड्यांचा वास येतो म्हणून तो ओळखता येतो, असे आपण मुलांना शिकवतो. पण मात्रा वाढली, की तो प्रथम नाकाची जाणीवच बधिर करतो, आणि वास थांबला म्हणून धोका टळला असे वाटते. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. भरपाई वाढली हे योग्यच झाले. पण ज्या सल्फेटमुळे हा वायू बनतो, त्याला सामूहिक गटारात मुक्तद्वार ठेवायचे आणि मृत्यूनंतर धनादेश द्यायचा, याला धोरण म्हणवत नाही.

वाचकांना एक विनंती. आपल्या शहरातील सांडपाणी केंद्राला माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा : आपल्याकडे कोणकोणते उद्योग जोडलेले आहेत? गेल्या वर्षभरात दरमहा किती मिथेन निघाला? आणि जोडलेल्या उद्योगांच्या सांडपाण्याची आपल्या गाळावर विषाक्तता-चाचणी शेवटची कधी झाली? आलेली उत्तरे येथे टिप्पणीत नोंदवा. तिसऱ्या प्रश्नाला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर तेही नोंदवा. पुढच्या वेळी ‘बॅक्टेरिया मेले’ असे कोणी सांगू लागला, की तो कागद त्याच्यापुढे ठेवता येईल.